केंदूरचा सोपा आणि फळ्यांची भिंत



पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की शिक्रापूर लागते. तेथे हमरस्ता सोडून पाबळच्या अंगाला वळले की कारखाने, गोदामे आणि ट्रकांच्या रांगा हळूहळू मागे पडतात. बाजरी-ज्वारीची शेते, मधूनमधून उघडे माळ, विहिरींच्या कडेने हिरवे झालेले पट्टे आणि कांद्याच्या चाळी दिसू लागतात. याच भागात शिरूर तालुक्याच्या पश्चिम बाजूला केंदूर हे गाव आहे. वेळ नदीचा हा परिसर. थिटेवाडीचे धरण याच भागातले. पाऊस बेताचा, त्यामुळे पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून शेती करणारी ही माणसे. वारकरी मंडळी केंदूरला संत कान्हूराज महाराज पाठक यांचे गाव म्हणून ओळखतात.

कृषी विस्ताराच्या कामात बियाणे, खते, रोग-किडी हे विषय रोजचेच. पण शेतकऱ्याच्या घरी गेले की बसायला जागा सोप्यात मिळते, आणि सोप्यात बसले की बोलणे घरावरही येते. अलीकडे या भागात एक प्रश्न वारंवार कानी येतो. "साहेब, सोप्याच्या भिंतीला पट्ट्या माराव्या म्हणतो. मुलाने मोबाइलवर पाहिलंय. कसं काय करावं?" हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. त्यात घरातले पंचवीस-तीस हजार रुपये सहज गुंतू शकतात, आणि जुन्या घराचे मोलाचे लाकूड हातचे जाऊ शकते. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

केंदूरचे नाव आणि एक लाकडी महाल

केंदूरचे नाव इतिहासात एका वेगळ्याच निमित्ताने येते. थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मस्तानीच्या खर्चासाठी जी गावे लावून दिली त्यांत पाबळ, लोणी आणि केंदूर ही तीन गावे होती. मस्तानीचा अंत १७४० साली, बाजीरावांच्या पाठोपाठ झाला. तिची कबर पाबळला आहे. केंदूरहून पाबळ जवळ असल्याने अनेकांनी ती पाहिली असेल.

पण तिच्या घराचे काय झाले, हे पुष्कळांना माहीत नसते. बाजीरावांनी १७३४ साली कोथरूडला तिच्यासाठी स्वतंत्र महाल बांधला होता. तो पुढे मोडकळीस आला. त्याचे अवशेष दिनकर केळकर यांनी पुण्यात आणले आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात 'मस्तानी महाल' म्हणून पुन्हा उभे केले. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले की तो दालनासारखा महाल पाहायला मिळतो. नक्षीचे लाकडी खांब, कमानी, वरची लाकडी तक्तपोशी, सारे डोळ्यांपुढे उभे राहते.

येथे शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा महाल एका जागेवरून उकलून दुसऱ्या जागी उभा करता आला, कारण तो लाकडाचा होता आणि खाच-कुसाने सांधलेला होता. कुसू खाचेतून सोडवले की खांब मोकळा होतो. पुन्हा बसवले की पुन्हा उभा राहतो. चिकटवलेली वस्तू काढताना फुटते. सांधलेली वस्तू काढताना उकलते. सोप्याच्या भिंतीला काय लावावे याचा निम्मा निर्णय या एका गोष्टीत आहे.

त्या काळच्या बांधकामाचा माल आपल्याच भागातला असे. शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली पुरे झाले. त्याला सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीहून आणला, असे सांगतात. हाच वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत जळाला, आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. आज तेथे दगडी जोती आणि तट उरले आहेत. लाकूड किती टिकते आणि कशाने जाते, हे दोन्ही धडे पुण्यातल्या या दोन जागी एका दिवसात पाहायला मिळतात. मुलांना घेऊन पुण्याला गेलात तर अवश्य पाहावे.

ही नवी पद्धत आहे तरी काय?

मुले मोबाइलवर पाहतात त्या भिंतीला परदेशात 'शिपलॅप' म्हणतात. शिप म्हणजे जहाज. जहाजाच्या बाजूला जशा फळीवर फळी चढवतात, तशा या फळ्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच काढतात. एका कडेला पुढून, दुसऱ्या कडेला मागून. वरच्या फळीचा ओठ खालच्या फळीच्या खाचेवर येऊन बसतो. फळी उन्हाळ्यात आकसली तरी मधली फट उघडी पडत नाही, आणि पावसाचे पाणी आत न शिरता ओघळून जाते. थंड मुलखात कोठारे, गोठे आणि घरे यांच्या बाहेरच्या भिंतींसाठी ही युक्ती निघाली. पुढे ती घरात आली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या घरसजावटीच्या कार्यक्रमांमुळे तिची फार चलती झाली.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात होतीच. माडीची जमीन फळ्यांची असे. छताला तक्तपोशी असे. खोल्यांच्या मध्ये फळ्यांचे पडभिंताड असे. गावच्या सुताराला खाच काढायला शिकवावे लागत नाही. नांगर, पाभर, बैलगाडी त्याने हयातभर सांधली आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याचे काम उणावले, एवढेच. सोप्याची भिंत हे त्याच्या हातचे काम आहे.

बाजारात मात्र या नावाखाली बहुधा प्लॅस्टिकचे पत्रे किंवा लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले तक्ते मिळतात. प्लॅस्टिकचा पत्रा वाईटच असे नाही. तो पाण्याने खराब होत नाही, धुता येतो, वजनाला हलका असतो. मोरीच्या बाजूला तो चालेल. पण तो जळाला तर त्याचा धूर विषारी असतो, आणि भिंतीला चिकटवल्यावर तो मागची ओल झाकून ठेवतो. भुशाचा तक्ता एकदा भिजला की फुगतो, आणि फुगलेला तक्ता पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पावसाळ्यात सोप्यात ओल्या घोंगड्या टांगणाऱ्या आपल्या घरांत हे लक्षात घ्यायला हवे.

आधी भिंत, मग फळी

पुष्कळ ठिकाणी असे दिसते की भिंतीचा गिलावा पोपडे धरून पडतो, पांढरा खार फुटतो, रंग टिकत नाही. म्हणून कंटाळून भिंत झाकायची ठरते. हे म्हणजे मुळाशी कीड असताना पानांवर फवारणी करण्यासारखे आहे. खार फुटला याचा अर्थ जमिनीतली ओल भिंतीत चढते आहे. पाणी वर येताना क्षार विरघळवून आणते. पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर राहतो.

ओल आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद घ्यावा. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले, तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर बसतो आहे. ही तपासणी पावसाळ्यात किंवा पावसाळा सरताच करावी. चैत्र-वैशाखात प्रत्येक भिंत कोरडीच दिसते.

ओल निघाली तर तिचे कारण बहुधा घराबाहेर असते. पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत पडते. न्हाणीचे सांडपाणी भिंतीशेजारी मुरते. अंगणाची माती वर्षानुवर्षे भर पडून जोत्याच्या वर आलेली असते. किंवा रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला आणि घर खड्ड्यात गेले. जोत्याभोवतीची माती उतरती करून पाणी घरापासून दूर काढावे. सांडपाणी परसबागेतल्या केळी-अळूला किंवा शोषखड्ड्याकडे न्यावे. एक पावसाळा जाऊ द्यावा. त्यानंतर भिंत कोरडी राहिली, तर पुढच्या कामाला हात घालावा.

जुनी भिंत पांढऱ्या मातीची किंवा मातीच्या जोडाची असेल, तर तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा करू नये. मातीची भिंत श्वास घेते; सिमेंटने ओल आत कोंडते. तिला माती-भुशाचा गिलावा आणि चुन्याचा हात हेच योग्य.

कांद्याच्या चाळीने शिकवलेला धडा

केंदूर-पाबळच्या शेतकऱ्याला वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण तो कांदा साठवतो. चाळीचा तळ जमिनीपासून उंच का ठेवतो? बाजूच्या पट्ट्यांत फटी का ठेवतो? हवा खालून शिरावी, वरून निघावी, आणि कांद्याचा दमटपणा घेऊन जावी म्हणून. सोप्याच्या फळ्यांनाही हेच हवे. भिंत आणि फळी यांच्यात एक इंचाची मोकळी जागा ठेवावी. खालून हवा येऊ द्यावी, वरून जाऊ द्यावी. म्हणजे भिंत कोरडी राहते आणि फळीही वाकत नाही. ज्या कारागिराला ही फट 'फुकट गेलेली जागा' वाटते, त्याला आपल्या चाळीपाशी उभे करून दाखवावे.

खांबाला हात लावू नका

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जुन्या घरांत भिंतीला लागून किंवा भिंतीत निम्मे बुडालेले लाकडी खांब असतात. सलग सपाट भिंत हवी म्हणून काही जण हे खांब तासून घेतात किंवा काढूनच टाकतात. असे कदापि करू नये. माळवदाचे घर खणाखणांनी उभे असते. कड्या तुळईवर, तुळई खांबावर, खांब दगडी उथळ्यावर, असा भार खाली उतरतो. पुष्कळदा भिंत नुसती आडोसा असते. घर खांबावर उभे असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचे मातीचे जड माळवद यांखाली ती सापडली. पण पाहणीत एक गोष्ट दिसली: जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट सांधलेला होता, तेथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी छप्पर सांगाड्यावर टिकले. ज्याला आपण 'मधे येणारा खांब' म्हणतो, तो असा उपयोगी पडतो. फळ्या लावायच्या तर दोन खांबांच्या मध्ये लावाव्या आणि खांब उघडा, तेल देऊन चकचकीत ठेवावा. सोप्याला त्याच्यासारखी शोभा दुसऱ्या कशाची नाही.

लाकूड कोठून आणावे?

घर पाडून नवे बांधकाम केले की जुने लाकूड अंगणात किंवा गोठ्याच्या मागे पडून राहते. मग एक दिवस टेंपो येतो. आलेला माणूस लाकडाभोवती एक फेरी मारतो आणि सगळ्या ढिगाची उक्ती किंमत सांगतो. घरात पैशाची निकड असते, जागा अडलेली असते, सौदा होतो. त्याच लाकडाच्या चौकटी आणि खांब शहरातल्या बंगल्यांत आणि हॉटेलांत जाऊन बसतात. आणि आपण त्या पैशात प्लॅस्टिकचे पत्रे आणून सोप्याला चिकटवतो. आजोबा-पणजोबांनी बैलगाडीने आणलेले पिकलेले सागवान देऊन आपण काय घेतले, याचा हिशेब कोणी करत नाही.

म्हणून विनंती अशी की, विकायचेच असेल तर उक्ते विकू नये. गावच्या सुताराकडून प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, जाडी मोजून घनफूट काढावेत. सागवान वेगळे, बाभूळ-लिंब वेगळे, नक्षीचे काम वेगळे ठेवावे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. आणि विकण्याआधी स्वतःच्या सोप्याला लागेल एवढे बाजूला काढावे.

ते किती लागते? वाटते त्यापेक्षा फार कमी. संपूर्ण भिंत मढवण्याची गरज नाही. बसलेल्या माणसाची पाठ आणि डोके टेकते, तेलाचे डाग पडतात, खुर्च्या घासतात, ते सारे चार फुटांच्या आत. तेवढेच फळ्यांनी झाकावे. वरची भिंत चुन्याची ठेवावी. तेथे विठोबाची तसबीर, वाडवडिलांचे फोटो आणि दिनदर्शिका राहू द्यावी.

बारा फूट लांब आणि चार फूट उंच भिंत धरू. आपल्याकडे माळवदाच्या चार इंच चौरस, आठ फूट लांब कड्या आहेत. एका कडीतून पाऊण इंच, म्हणजे सहा सूत जाडीच्या चार फळ्या निघतात. करवतीचा कस आणि बाहेरचा काळवंडलेला भाग वजा जाऊन. फळी चार इंच रुंद, त्यातला अर्धा इंच शेजारच्या फळीच्या खाचेत जाणार. म्हणजे उपयोगी रुंदी साडेतीन इंच. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच उंचीला चौदा ओळी लागतात. चौदा ओळी गुणिले बारा फूट, म्हणजे १६८ फूट. आठ फुटी फळ्या झाल्या एकवीस. एका कडीच्या चार, म्हणजे सहा कड्यांत चोवीस फळ्या मिळून तीन शिल्लक राहतात. सहा कड्या! इतक्या तर पुष्कळांच्या गोठ्यामागे पडलेल्या असतात.

मात्र उभ्या घरातली एकही कडी यासाठी काढू नये. आधीच उतरवलेले लाकूड असेल तरच वापरावे. गिरणीत कापायला नेण्यापूर्वी जुने खिळे काढून घ्यावे. आत मोडलेला खिळा राहिला तर करवतीचे पाते जाते, आणि तुटलेला तुकडा उडून कापणाऱ्याला इजा होते. एखादे चुंबक फिरवून पाहिले तर लपलेला खिळा सापडतो.

जुने लाकूड नसेल तर बांधावरचा लिंब, सुबाभूळ, निलगिरी किंवा सिल्व्हर ओक चालेल; पण ओल्या लाकडाच्या फळ्या लावू नयेत. फळ्या सावलीत, एकीवर एक, मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवून, वर वजन देऊन रचाव्या. एक इंची फळीला नीट वाळायला काही महिने लागतात. घाई केली तर फळी भिंतीवर वाळते आणि तेथेच पिळवटते.

झाड तोडण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या महाराष्ट्र कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, खैर अशी झाडे आहेत. झाड आपल्या मालकीच्या शेतात असले तरी परवानगी लागते. शहाणपण यातच आहे की एक झाड तोडायचे तर आधी बांधावर चार लावून जगवावी.

बसवण्याची रीत

प्रथम भिंतीवर दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्या. पट्ट्या उभ्याच हव्यात, म्हणजे मधली हवा वर चढते. बारा फुटी भिंतीला अशा सात पट्ट्या लागतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून दोन इंच वर ठेवावी. सारवताना-पुसताना पाणी लागत नाही. ओळंबा आणि पाणपातळी लावून पहिली फळी अचूक बसवावी. ती तिरकी गेली तर चौदाव्या ओळीपर्यंत तिरकेपणा वाढत जातो.

वरच्या फळीचा ओठ नेहमी बाहेरच्या बाजूने खालच्या फळीवर यावा. उलटे बसवले तर धूळ आणि पाणी खाचेत साठते. उन्हाळ्यात काम करत असाल तर दोन फळ्यांच्या मध्ये एका नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवावी. नाणे मध्ये धरून फळी बसवली की फट सारखी येते. पावसाळ्यात फळी फुगेल तेव्हा तिला जागा मिळेल. आठ फुटी फळीला चार फुटीचा जोड पट्टीवरच यावा, आणि एका ओळीचा जोड दुसऱ्या ओळीच्या जोडावर येऊ नये. विटांचे थर रचताना सांधा मोडतो, तसेच.

खिळ्यांऐवजी गंज न धरणारे स्क्रू वापरावे, आणि मागे गोंद मुळीच लावू नये. म्हणजे वायर दुरुस्त करायची, ओल पाहायची, किंवा उद्या घर बदलायचे झाले, तरी फळ्या उकलून नेता येतात.

वरून चकाकी देणारा जाड रंग न देता जवसाचे उकळलेले तेल द्यावे. रंगाच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. फडक्याने पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, पुन्हा एक द्यावा. येथे एक धोका आहे. तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. काम संपताच फडके पाण्यात बुडवावे किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवावे.

वाळवी, उंदीर आणि वीज

फळ्या लावण्याआधी भिंतीचा कोपरान्‌कोपरा पाहावा. मातीची बारीक नळी भिंतीवर चढलेली दिसली तर ती वाळवीची वाट आहे. नुसती नळी खरवडून भागत नाही. वारूळ जमिनीत असते. परवाना असलेल्या माणसाकडून जोत्याची माती औषधाने प्रक्रिया करून घ्यावी. शेतात फवारायचे औषध स्वतःच्या मनाने पंपात भरून घरातल्या भिंतीवर मारू नये. त्याच सोप्यात आपली लहान मुले जमिनीवर झोपतात आणि धान्याची पोती राहतात.

जुन्या पक्क्या सागवानाला प्रक्रियेची फारशी गरज नसते. लिंब, सुबाभूळ अशा लाकडातून भुंगेऱ्याचे पीठ पडते. त्यासाठी वीस लिटर पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून फळ्यांना दोन-तीन हात द्यावे आणि सावलीत वाळवावे. हातमोजे घालावे. मुले, जनावरे आणि चारा यांपासून द्रावण दूर ठेवावे. ही प्रक्रिया घरातल्या, न भिजणाऱ्या लाकडासाठीच आहे. पाण्याने ती धुऊन जाते.

फळ्यांमागची मोकळी जागा उंदराला आयतीच सापडते. उंदीर आला की त्याच्या मागावर साप येतो. म्हणून खालच्या आणि वरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी ठोकावी. हवा जाते, जनावर जात नाही. हे काम कारागीर विसरला तर मजुरी देण्यापूर्वी करून घ्यावे.

आणि वीज. शनिवारवाडा कसा गेला हे वर सांगितलेच. जुन्या उघड्या वायरी फळ्यांमागे झाकून टाकणे म्हणजे घरात विस्तव लपवणे. वायर पाइपातून न्यावी, फळीमागे एकही सांधा ठेवू नये, आणि मुख्य बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. समई आणि निरांजन फळ्यांपासून हातभर दूर ठेवावे.

शेवटी

पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, ही तेथली रीत. गावची मुले तेथे बांधकाम, जोडकाम, विजेचे काम, शेती असे सारे करून पाहत शिकतात. २००२ पासून तेथे नव्या यंत्रांची कार्यशाळाही आहे. केंदूरच्या शेजारीच ही सोय आहे, हे आपल्या भागाचे भाग्य. ज्या मुलाने मोबाइलवर ती भिंत पाहिली, त्याला दुकानात पत्रे निवडायला न पाठवता गावच्या सुताराच्या हाताखाली पंधरा दिवस बसवा. खाच कशी काढायची, रंधा कसा धरायचा, लाकडाचा कल कोणता, हे तो शिकेल. घरची भिंतही होईल आणि हातात एक कसबही राहील.

आपल्याकडे शेतीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीची निगा आपण जीव लावून करतो. माती तपासतो, पाणी मोजतो, कीड ओळखतो. पांढरीतल्या घराकडेही त्याच नजरेने पाहावे. या दिवाळीआधी एवढे करा: प्लॅस्टिकच्या कागदाने सोप्याची भिंत तपासा, आणि गोठ्यामागचे जुने लाकूड मोजून, झाकून, जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवा. टेंपोवाला आला तर त्याला सांगा, आधी घरच्यांचे भागू दे.